मुलांच्या मूत्रशस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत : श्रेणी कशी द्यायची?

नव्या रजिस्ट्रारना (शिकाऊ निवासी डॉक्टरांना) पहिल्याच आठवड्यात मी एक फाइल हातात देतो. दोन वर्षांचा मुलगा, हायपोस्पेडियासची (लघवीचं छिद्र जन्मतः लिंगाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूला असण्याची) दुरुस्ती झालेली. चौथ्या महिन्यात शिवणीच्या मधोमध बारीक भोक दिसलं आणि तिथून लघवीचे थेंब येऊ लागले. सहा महिने उलटले की फिस्टुला बंद करू, असं आईवडिलांना सांगितलं. ते पुन्हा आलेच नाहीत. फाइल संपली.

'श्रेणी लिहा' म्हटलं की एक जण लिहितो १, कारण उपचार काहीच झाला नाही. दुसरी लिहिते ३-ब, कारण पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया लागणार होती. तिसरा जागा कोरी सोडतो, कारण त्याच्या तक्त्यात ३० दिवसांपुढचं काही धरायचंच नसतं. तिघंही आपल्या जागी ठाम असतात. आता हे तिघं तीन वेगवेगळ्या रुग्णालयांत बसून निकाल मोजताहेत असं समजा. एकाच दर्जाच्या कामाचे तीन निकाल निघतील, आणि कोरी जागा सोडणारा सगळ्यांत निष्णात ठरेल.

असं होऊ नये म्हणून विभागात बसून काय काय ठरवायचं आणि फाइलवर काय लिहायचं, ते इथे क्रमाने मांडतो. लेख मुख्यतः निवासी डॉक्टर आणि नर्सिंगच्या मंडळींसाठी आहे. पण मुलाचं ऑपरेशन होऊन गेलेल्या पालकालाही तो वाचता यावा, असा प्रयत्न आहे.

मोजपट्टी कुठली

१९९२ साली क्लाव्हियँ आणि सहकाऱ्यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांवरून एक वर्गीकरण सुचवलं. २००४ मध्ये झुरिकच्या दिंदो, डेमार्टिन आणि क्लाव्हियँ यांनी ते ६३३६ रुग्णांवर तपासून नव्याने मांडलं. आज ज्याला सगळे क्लाव्हियँ-दिंदो म्हणतात ते हेच. युरोपियन असोसिएशन ऑफ युरॉलॉजीच्या समितीने २०१२ साली मूत्रशस्त्रक्रियेतही हीच पद्धत वापरावी, अशी शिफारस केली.

त्यामागची कल्पना एका वाक्याची आहे : गुंतागुंत किती वाईट वाटली ते लिहू नका, ती निस्तरायला काय करावं लागलं ते लिहा. 'किरकोळ', 'मध्यम', 'गंभीर' हे शब्द सर्जनच्या मनःस्थितीप्रमाणे बदलतात. रक्त दिलं की नाही, पुन्हा थिएटरमध्ये नेलं की नाही, हे बदलत नाही.

श्रेण्या अशा आहेत. छापील लिखाणात त्या रोमन आकड्यांत असतात, इथे सोयीसाठी साधे आकडे वापरतो.

श्रेणी १ : नेहमीच्या वाटचालीपेक्षा काहीतरी वेगळं घडलं, पण वेगळं औषध किंवा हस्तक्षेप लागला नाही. उलटीचं, तापाचं, वेदनेचं, लघवी वाढवणारं औषध, क्षार भरून काढणं आणि फिजिओथेरपी एवढं यात चालतं. जखम वॉर्डातच खाटेवर उघडून साफ केली, तर तेही इथेच.

श्रेणी २ : या यादीबाहेरचं औषध लागलं. रक्त देणं आणि शिरेतून पूर्ण पोषण देणं याच श्रेणीत.

श्रेणी ३ : शस्त्रक्रिया, एंडोस्कोपी किंवा रेडिओलॉजीचा हस्तक्षेप लागला. पूर्ण भूल न देता केला तर ३-अ, पूर्ण भूल देऊन केला तर ३-ब.

श्रेणी ४ : जिवावर बेतलं आणि अतिदक्षता विभागात उपचार लागले. एकाच अवयवाचं काम ढासळलं तर ४-अ (डायलिसिस लागलं तरी इथेच), एकाहून अधिक अवयवांचं ढासळलं तर ४-ब.

श्रेणी ५ : मृत्यू.

याशिवाय, डिस्चार्जच्या वेळी काही अपंगत्व उरलं असेल तर श्रेणीपुढे 'डी' जोडतात. मुलांच्या बाबतीत हे एकच अक्षर सगळ्यांत जास्त विसरलं जातं. त्याकडे पुढे येतोच.

पहिलं काम : 'नेहमीची वाटचाल' आधी लिहून काढा

श्रेणी १ ची व्याख्याच 'नेहमीपेक्षा वेगळं' अशी आहे. मग नेहमीचं म्हणजे काय, हे ऑपरेशनच्या आधी कागदावर हवं. बहुतेक विभागांत ते फक्त सरांच्या डोक्यात असतं.

पायलोप्लास्टीचं, म्हणजे किडनी आणि मूत्रवाहिनीचा अरुंद जोड मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेचं उदाहरण घ्या. आत डीजे स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी) ठेवला की चार ते सहा आठवड्यांनी तो काढायला मूल पुन्हा पूर्ण भुलीखाली जातं. ही गुंतागुंत नाही, ठरलेला टप्पा आहे. पण तोच स्टेंट दहाव्या दिवशी तुंबला आणि बदलावा लागला, तर ती ३-ब. पोस्टिरियर युरेथ्रल व्हॉल्व (मूत्रमार्गातले लघवी अडवणारे जन्मजात पडदे) जाळल्यानंतरची ठरलेली दुर्बीण तपासणी धरायची नाही. मात्र त्या तपासणीत मूत्रमार्ग अरुंद झालेला दिसला आणि तो कापावा लागला, तर धरायची.

मूत्राशयाच्या कळांसाठीचं ऑक्सिब्युटिनिन हा तर वादाचा ठरलेला विषय. कॅथेटर असेपर्यंत तुम्ही ते प्रत्येक मुलाला देत असाल तर ती वाटचालच. नेहमी देत नाही आणि या मुलाला द्यावं लागलं, तर काटेकोर वाचनाप्रमाणे श्रेणी २, कारण ते पहिल्या यादीत नाही. अनेक जण सवयीने १ लिहितात. माझं मत काटेकोर वाचनाच्या बाजूने आहे. तुमचं वेगळं असेल तरी चालेल, फक्त सगळ्या मुलांना एकच नियम लावा आणि तो लिहून ठेवा. डिस्चार्जनंतर चालू ठेवलेला प्रतिबंधात्मक अँटिबायोटिकचा छोटा डोस, लघवी अडली म्हणून वॉर्डात पुन्हा घातलेला कॅथेटर, बद्धकोष्ठासाठी दिलेलं सिरप यांनाही हेच लागू. विशेषतः कॅथेटरला कोणी १ देतं, कोणी ३-अ.

गुंतागुंत, उरलेला परिणाम आणि फसलेला हेतू

या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, हे मूळ वर्गीकरणातच आहे. निकामी किडनी काढल्यावर मूल एका किडनीवर जगतं. तो शस्त्रक्रियेचा अटळ परिणाम आहे, गुंतागुंत नाही. रिफ्लक्ससाठी (लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे जाते त्यासाठी) मूत्रवाहिनी पुन्हा रोवली आणि रिफ्लक्स तसाच राहिला, तर हेतू फसला. पीसीएनएलनंतर (पाठीतून दुर्बीण घालून किडनीतला खडा काढल्यावर) खडा उरला, तेही तसंच. त्यांची नोंद व्हायलाच हवी, पण वेगळ्या रकान्यात.

पायलोप्लास्टीनंतर जोड पुन्हा अरुंद झाला तर काय, यावर मात्र दोन सर्जन कधी एकमत होत नाहीत. मी त्याला दोन्हीकडे लिहितो : 'हेतू फसला : होय' आणि पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेसाठी ३-ब. दुहेरी मोजणी टाळायची तर शेवटच्या तक्त्यात ते सांगून टाकायचं. लपवण्यापेक्षा दोनदा दिसलेलं बरं.

मुदत

मोठ्यांच्या शस्त्रक्रियेत ३० किंवा ९० दिवसांची मुदत रूढ आहे. ऑर्किओपेक्सीनंतरचा (न उतरलेलं वृषण खाली आणून बसवल्यानंतरचा) रक्तस्राव, जखमेचा संसर्ग, पायलोप्लास्टीनंतरची लघवीची गळती या गोष्टी त्यात सापडतात. पण हायपोस्पेडियासचे फिस्टुला महिन्यांनी दिसतात, मूत्रमार्गाचं अरुंद होणं वर्षांनी, आणि लिंगाचा बाक कधीकधी वयात येताना परततो. आतडं लावून मोठं केलेल्या मूत्राशयात पुढे खडे होतात आणि क्वचित ते फुटतंही. अशा शस्त्रक्रियांना ३० दिवसांची पट्टी लावणं म्हणजे पेरणी झाल्या दिवशी पीक मोजणं.

म्हणून आमच्या रजिस्टरमध्ये मुदतीचे चार रकाने असतात : ३० दिवस, ९० दिवस, एक वर्ष आणि वयात आल्यानंतर. शेवटचा रकाना बहुधा रिकामा राहतो.

दुसरी अडचण आपल्या भागातली. बीडचं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमाराला कारखान्याच्या फडावर जातं आणि उन्हाळ्यात परततं. तेवढ्या काळात त्यांना दिलेली ओपीडीची तारीख वाया जाणारच. न आलेल्या मुलाला 'गुंतागुंत नाही' असं लिहू नका. 'शेवटचं पाहिलं : अमुक तारीख' असं लिहा. आणि भरती करतानाच विचारा, तोडणीला कधी जाणार? तारीख त्याप्रमाणे देता येते, निदान फोन करायचा दिवस तरी ठरतो.

माहिती कुठून जमवायची

डिस्चार्ज कार्ड हा सगळ्यांत अपुरा कागद. घाईत लिहिलेला, बहुधा मागच्या कार्डावरून उतरवलेला. खरी माहिती सिस्टरच्या नोंदवहीत, औषधांच्या तक्त्यात, तापाच्या आलेखात, रक्तपेढीच्या पावतीत आणि थिएटरच्या रजिस्टरमध्ये असते. 'पोस्ट-ऑप काळ सुरळीत' असं कार्डावर लिहिलेल्या मुलाच्या औषधतक्त्यात तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक बदललेलं मी अनेकदा पाहिलं आहे. ते नुसत्या सुरक्षेसाठी बदललं की लघवीत जंतू सापडले म्हणून, हे कल्चरच्या कागदावर कळतं. संसर्गासाठी बदललं असेल तर श्रेणी २.

घरी गेल्यानंतर गावातल्या डॉक्टरांनी काय दिलं, हे फक्त फोनवर कळतं. प्रश्न साधे ठेवा. 'गुंतागुंत झाली का?' असं कोणत्याही आईला विचारू नका, उत्तर 'नाही सर, सगळं चांगलंय' असंच येणार. 'ताप आला होता का? कुठल्या डॉक्टरकडे नेलं? इंजेक्शन दिलं का? सलाईन लावलं का? लघवीची धार कशी पडते, एक की दोन?' असं विचारलं की सगळं बाहेर येतं. औषधाच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो मागवला की बरंच काम होतं.

भुलीचा पेच

मुलांच्या बाबतीत ही पद्धत सगळ्यांत जास्त इथे अडखळते.

मोठ्या माणसाची किडनी तुंबली तर पाठीतून नळी घालताना तेवढीच जागा बधिर केली की काम होतं, म्हणजे ३-अ. तीन वर्षांचं मूल पालथं, न हलता पडून राहील का? त्याला पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणजे ३-ब. गुंतागुंत तीच, नळी तीच. श्रेणी चढली ती आजाराने नव्हे, वयाने. छातीत भरलेलं पाणी काढण्याची नळी, अडकलेला स्टेंट काढणं, मूत्रमार्गाचं तोंड रुंद करणं, सगळीकडे हीच गत.

आणि हा फरक नुसता अक्षराचा नाही. २०१३ मध्ये झुरिकच्याच गटाने एका रुग्णाच्या सगळ्या गुंतागुंती मिळून ० ते १०० असा एक निर्देशांक सुचवला. त्यात श्रेणी १ ला ३००, २ ला १७५०, ३-अ ला २७५०, ३-ब ला ४५५०, ४-अ ला ७२०० आणि ४-ब ला ८५५० असं वजन आहे. वजनांची बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं, दोनाने भागायचं. मृत्यू म्हणजे थेट १००.

आता करून पाहू. पायलोप्लास्टीनंतर एका मुलाला लघवीचा संसर्ग झाला, अँटिबायोटिक दिलं : १७५०. नंतर स्टेंट तुंबला, पूर्ण भुलीखाली पाठीतून नळी घातली : ४५५०. बेरीज ६३००, वर्गमूळ ७९.४, निर्देशांक ३९.७. हेच सगळं चाळिशीतल्या माणसाला झालं असतं आणि नळी फक्त जागा बधिर करून घातली असती, तर बेरीज ४५००, निर्देशांक ३३.५.  म्हणजे भुलीच्या एका फरकाने मुलाचा आकडा सहाने वर गेला. मुलांचा विभाग आणि मोठ्यांचा विभाग यांची तुलना करणाऱ्या व्यवस्थापकाला हे कोणी सांगत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. २०२३ मध्ये युरोपातल्या बालशल्यचिकित्सकांनी क्लाव्हियँ-मदादी नावाचं सुधारित वर्गीकरण मांडलं. त्यात भुलीवरून केलेला भेद काढून टाकला आणि व्यवस्थेतल्या चुकांनाही जागा दिली. ते स्वीकारायचं असेल तर संपूर्ण स्वीकारा. अर्धं हे, अर्धं ते केलं की कुणाशीच तुलना उरत नाही. दुसरा मार्ग आम्ही घेतला आहे : क्लाव्हियँ-दिंदो जसंच्या तसं ठेवायचं, पण प्रत्येक ३-ब पुढे एक खूण करायची. 'भूल वयामुळे' की 'भूल प्रक्रियेमुळे'. फिस्टुलाची शिवण कोणत्याही वयात छोटी शस्त्रक्रियाच आहे, तिथे 'प्रक्रियेमुळे'. स्टेंट ओढून काढणं मोठ्यांत ओपीडीत होतं, तिथे 'वयामुळे'. ही खूण करायला दहा सेकंद लागतात, आणि वर्षअखेरीला ३-ब चा मोठा गठ्ठा दोन भागांत वेगळा होतो.

केटामाइन (भुलीचं इंजेक्शन) देऊन ड्रेसिंगरूममध्ये केलेलं काम कुठे घालायचं? व्याख्येत याचं थेट उत्तर नाही. आमच्याकडे भूलतज्ज्ञ हजर असेल तर ३-ब, असं ठरलेलं आहे.

उपचार न झालेलं नुकसान

दुसरा पेच याच्या उलट बाजूचा. ऑर्किओपेक्सी झाली, वर्षभराने पाहिलं तर वृषण सुकून दाण्याएवढं झालेलं. त्याला उपचार नाही, काही केलंही नाही. उपचारावरून श्रेणी द्यायची तर ती १. सूज चार दिवस जास्त राहिली, त्याचीही १. एका मुलाचं वृषण गेलं आणि दुसऱ्याला चार दिवस घट्ट चड्डी घालता आली नाही, हे दोघं तक्त्यात शेजारी बसतात! पायलोप्लास्टीनंतर डीटीपीए स्कॅनमध्ये (प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या तपासणीत) किडनीचं काम निम्म्यावर आलं आणि 'पाहू' म्हणून सोडून दिलं, तर त्याचंही तेच.

यासाठीच ते 'डी' आहे. मूळ नियमात ते डिस्चार्जच्या वेळच्या अपंगत्वासाठी असलं, तरी मुलांमध्ये शेवटच्या तपासणीपर्यंत ते उघडं ठेवावं, असं मी म्हणेन. अवयव किंवा त्याचं काम कायमचं गेलं असेल तर श्रेणी १ असो वा २, 'डी' लावायचं आणि पुढे एका ओळीत काय गेलं ते लिहायचं. 'डावं वृषण, ऱ्हास, १ वर्ष.' एवढं पुरे.

आता सुरुवातीच्या फाइलचं उत्तर. व्याख्येत शब्द 'हस्तक्षेपाची गरज' असा आहे, 'हस्तक्षेप झाला' असा नाही. आईवडील आले नाहीत म्हणून फिस्टुला लहान होत नाही. म्हणून ३-ब, खूण 'प्रक्रियेमुळे', शेरा 'सुचवली, झाली नाही'. पण भोक आपोआप बुजण्याची वाट पाहायची असं ठरलं असेल आणि ते खरंच बुजलं, तर १.

अतिदक्षता विभागाचं फसवं दार

ब्लॅडर एक्सट्रॉफीच्या (मूत्राशय जन्मतः पोटाबाहेर उघडं असण्याच्या) मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अनेक ठिकाणी मूल ठरवूनच एक-दोन रात्री आयसीयूत ठेवतात. ती श्रेणी ४ नव्हे. वॉर्डात खाट नव्हती म्हणून तिथे ठेवलं, तीही नव्हे. जीव धोक्यात होता आणि त्यासाठी तिथला उपचार लागला, तरच ४. पीसीएनएलनंतर जंतुसंसर्ग रक्तात पसरला, रक्तदाब टिकवायला औषधाचा पंप लावावा लागला : ४-अ. त्यात व्हेंटिलेटरही लागला : ४-ब.

टेबलावर घडलेलं

ऑपरेशन चालू असताना मूत्रवाहिनीला चीर गेली आणि तिथल्या तिथे शिवली, तर हे क्लाव्हियँ-दिंदोत बसत नाही, कारण ते नंतरच्या काळासाठी आहे. त्यासाठी सताव्हा किंवा २०२० मध्ये तपासून प्रसिद्ध झालेलं क्लासइंट्रा यांसारखी वेगळी मोजपट्टी वापरा, आणि दोन्ही आकडे एकत्र करू नका.

श्रेणी कोणी द्यायची

ज्याने शस्त्रक्रिया केली त्याने नाही. वाईट हेतू नसतो, पण आपल्या हातच्या शिवणीकडे कोणी परक्यासारखं पाहत नाही. आम्ही दोन जणांना वेगवेगळी फाइल देतो, त्यांतला एक शक्यतो त्या थिएटरमध्ये नसलेला. दोघांची उत्तरं जुळली नाहीत की महिन्याच्या मॉर्बिडिटी मीटिंगमध्ये (गुंतागुंतींच्या आढावा बैठकीत) तेवढ्याच फाइल काढतो. पहिल्या वर्षी बरेच मतभेद निघाले आणि जवळपास सगळे १ व २ मधले होते. सिस्टरना बसवल्यावर ते झपाट्याने कमी झाले, कारण कुठलं औषध कशासाठी सुरू झालं, हे त्यांनाच आठवत होतं.

वर्षाचा तक्ता करताना शस्त्रक्रियेप्रमाणे वेगळा करा. सुंता आणि एक्सट्रॉफी एका सरासरीत घातली की आकडा कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. प्रत्येक ओळीत तीन आकडे हवेत : किती शस्त्रक्रिया झाल्या, किती मुलं मुदतीपर्यंत पाहिली, आणि श्रेणीवार किती गुंतागुंती. एका मुलाला दोन झाल्या तर दोन्ही लिहा. 'सर्वांत वरची श्रेणी' हा रकाना हवा असेल तर वेगळा ठेवा.

पालकांशी बोलताना

त्यांच्यासमोर श्रेणीचा आकडा उच्चारू नका. '३-ब झालं' हे ऐकून बाप कॅन्सरच्या स्टेजचा विचार करतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. काय झालं, त्यासाठी काय करावं लागेल, भूल पुन्हा द्यावी लागेल का, आणि कधी, या चार गोष्टी सांगा. विचारलं तर नोंद दाखवा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पालकांनीही एक करावं. ऑपरेशनचं कार्ड, स्टेंट काढल्याची तारीख आणि शेवटच्या सोनोग्राफीचा कागद एका पिशवीत ठेवावा. ती पिशवी मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत टिकावी. त्या वयात त्याला एकदा तरी दाखवायला आणा, काही त्रास नसला तरी. आमचा चौथा रकाना त्यासाठीच आहे.